वेजचा फटका कधी मातीत, कधी ग्रीनपार: पुन्हा पुन्हा उद्भवणारं दुखणं आणि त्यावरचे उपाय

गोल्फच्या कोर्सवर आहात. ग्रीन, म्हणजे भोकाभोवतीची बारीक कापलेली हिरवळ, साठ यार्डांवर आहे, मधे काही अडथळा नाही, हातात सँड वेज, म्हणजे तिरक्या पात्याची काठी, आहे. पहिला फटका चेंडूच्या चार बोटं मागे मातीत बसतो आणि चेंडू जेमतेम वीस यार्ड सरकतो. पुढच्या वेळी माती चुकवायची म्हणून जरा वरून मारावं, तर पात्याची धार थेट चेंडूच्या पोटात बसते, हातांना झिणझिण्या येतात आणि चेंडू गुडघाभर उंचीवरून ग्रीन ओलांडून पलीकडच्या झाडीत जातो. पहिल्या प्रकाराला फॅट म्हणतात, दुसऱ्याला थिन. दोन्ही एकाच सकाळी, एकाच माणसाकडून, लागोपाठ होतात. आठ दिवस सराव केला की बरं वाटतं आणि नवव्या दिवशी दुखणं पुन्हा हजर.

माझं हे दुखणं जवळपास दोन वर्षं चाललं. मी भडगाव तालुक्यात गिरणेच्या काठी शेती करतो. नोकरीच्या काळात पुण्याला गोल्फची गोडी लागली, ती गावी आल्यावरही सुटली नाही. इकडून कोर्सवर जायचं म्हणजे नाशिकची किंवा पुण्याची वाट धरायची, म्हणजे महिन्यातून एखाद्या वेळेस. बाकी सगळा सराव हरभरा निघाल्यावरच्या मोकळ्या वावरात, नाहीतर नदीच्या वाळूत. कोर्सची मऊ हिरवळ चुका झाकते, आपली काळी जमीन एकही चूक झाकत नाही. म्हणून इथे शिकलेलं सगळं सविस्तर लिहितो आहे. सगळं उजव्या हाताने खेळणाऱ्याच्या हिशेबाने आहे, डावखुऱ्यांनी उलट करून घ्यावं.

आधी निदान: पातं जमिनीला नक्की कुठे लागतं?

बहुतेक जण इथेच चुकतात. चेंडू कुठे गेला ते बघतात आणि त्यावरून काय चुकलं ते ठरवतात. चेंडू खोटं बोलतो. मागे माती लागूनही पातं उसळलं, तर चेंडू कधी कधी ग्रीनवर जाऊन पडतो आणि आपल्याला वाटतं, जमलं. जमिनीवरची खूण मात्र खरं सांगते.

कबड्डीचं मैदान आखायला जी पांढरी फक्की वापरतात, ती मूठभर घ्या. सपाट जागी दोन-अडीच मीटरची सरळ रेघ मारा. रेघ दोन्ही पायांच्या बरोबर मधे येईल असे उभे राहा आणि चेंडू न ठेवता वेज फिरवा. मग रेघेवरच थोडं पुढे सरका, पुन्हा फिरवा. असे वीस फटके. नंतर वेज बाजूला ठेवून खाली बसा आणि प्रत्येक खूण नीट बघा.

खुणा रेघेवर सुरू होऊन डाव्या बाजूला, म्हणजे लक्ष्याकडे, दोन-तीन इंच जात असतील तर तुमचा स्विंग ठीक आहे. मग दोष चेंडू ठेवण्यात किंवा वेजच्या तळात शोधा. खुणा सगळ्या रेघेच्या उजवीकडे, मागे असतील तर वजन मागच्या पायावर राहतं आहे. काही पुढे, काही मागे अशा विखुरलेल्या असतील तर वेग मधेच तुटतो आहे किंवा डोकं हलतं आहे. आणि वीस फटक्यांत पाच-सहाच खुणा दिसल्या, बाकी पातं हवेतूनच गेलं, तर हात आखडले जात आहेत किंवा कमरेतून उठायची सवय लागली आहे.

जोडीला आणखी एक सोपी तपासणी. वेजच्या तोंडावर अंगाला लावायची पावडर हलकीशी चोळा आणि एक चेंडू मारा. जिथे चेंडू लागला तिथली पावडर निघते. खूण खालच्या खाचांच्या पट्ट्यात, मधोमध हवी. अगदी तळच्या धारेशी असेल तर थिन. तोंडाच्या वरच्या भागात असेल तर पातं चेंडूखालून जास्तच सरकलं. तोंडावर खूणच नाही आणि मानेजवळ, दांडा जिथे पात्यात शिरतो तिथे पावडर पुसली गेली असेल, तर तो शँक. त्याचं पुढे बघू.

फॅट आणि थिन हे एकच दुखणं

मला हे कळायला सर्वांत जास्त वेळ लागला. मी फॅटसाठी एक उपाय करायचो, थिनसाठी दुसरा, आणि एकाचं औषध दुसऱ्याला वाढवायचं.

पातं गोलाकार फिरतं. वरून खाली येतं, एका ठिकाणी सर्वांत खाली पोहोचतं आणि पुन्हा वर चढतं. तो सर्वांत खालचा बिंदू चेंडूच्या पुढे, लक्ष्याच्या बाजूला पडायला हवा, म्हणजे आधी चेंडू लागतो आणि मग माती. तो चेंडूच्या मागे पडला तर दोनच गोष्टी होऊ शकतात. पातं खोल असेल तर आधी माती लागते, हा फॅट. पातं मातीला न लागता निसटलं, तर चेंडूपर्यंत येताना ते वर चढायला लागलेलं असतं, आणि धार चेंडूच्या मध्यावर बसते, हा थिन.

नियमाप्रमाणे चेंडूचा व्यास निदान ४२.६७ मिलिमीटर असावा लागतो. म्हणजे चेंडूचा मध्य जमिनीपासून साधारण २१ मिलिमीटरवर, दोन बोटांहूनही कमी. धार त्याच्या बरीच खालून जायला हवी. तळाचा बिंदू चार बोटं मागे पडला की हा हिशेब केव्हाच संपलेला असतो. मनगटं झटकून पातं वेळेवर आणणं एखाद्या दिवशी जमतं, रोज जमत नाही. हे दुखणं परत परत का उलटतं, त्याचं कारण हेच.

चेंडू कोलू नका

लहानपणी विटीदांडू खेळलेल्यांना हे लगेच कळेल. गलीवर आडवी ठेवलेली विटी कोलताना दांडू विटीखाली घालतो आणि वर उचकटतो. अंगाचं वजन तेव्हा आपोआप मागे जातं, मनगटं वर उलटतात. विटीला तेच हवं असतं. चेंडूसमोर उभं राहिल्यावर, तो उंच जायला हवा असं मनात आलं की शरीर तीच जुनी ओळखीची हालचाल काढतं. उजवा खांदा खाली जातो, वजन उजव्या पायावर बसतं, मनगटं उलटतात, आणि तळाचा बिंदू मागे सरकतो.

उंची द्यायचं काम वेजच्या तिरक्या तोंडाचं आहे. पिचिंग वेजचा लॉफ्ट, म्हणजे तोंडाचा तिरकेपणा, साधारण ४४ ते ४८ अंश असतो, सँड वेजचा ५४ ते ५८, लॉब वेजचा ६० च्या आसपास. एवढं तिरकं तोंड खाली येता येता चेंडूला लागलं तरी चेंडू वरच जातो. मोठ्या स्पर्धांत खेळणारे खेळाडू पूर्ण पिचिंग वेज मारताना पातं सुमारे ५ अंशांनी खाली येत असताना चेंडूला भेटवतात. चेंडू खाली दबून, तोंडावरून घासत वर चढतो, आणि त्याच घासण्यातून त्याला उलटी फिरकी मिळते.

माझी कोलायची सवय कुणी पकडली, ते सांगायलाच हवं. शेजारच्या वावरातले आबा एका सकाळी बांधावर बसून माझे फटके बघत होते. गोल्फ त्यांनी आयुष्यात पाहिलेला नव्हता. दहा-पंधरा फटके झाल्यावर उठून जवळ आले, माझ्या उजव्या बुटाकडे काठी दाखवली आणि म्हणाले, "तुना पाय मांगेच ऱ्हाई जास रे भाऊ." मी खाली पाहिलं. फटका संपला होता, चेंडू पडून गेला होता आणि माझी उजवी टाच अजून जमिनीत रुतलेली होती. बुटाखालची ढेकळं दबून भुगा झाली होती, डाव्या बुटाखालची तशीच शाबूत होती. सत्तर वर्षं पेरणी-कोळपणीत पाय टाकणाऱ्या माणसाला वजन कुठल्या पायावर आहे ते ढेकळांवरून दिसलं.

उपाय असा. उभं राहतानाच साठ टक्के वजन डाव्या पायावर घ्या. छातीची बटणं चेंडूच्या किंचित पुढे असू द्या. पातं मागे नेताना हे वजन उजवीकडे सरकू द्यायचं नाही. ड्रायव्हरचा, म्हणजे लांब पल्ल्याच्या काठीचा, पूर्ण फटका वेगळा, साठ यार्डांच्या फटक्याला मागे झुकायची गरजच नसते. खाली येताना छाती लक्ष्याकडे वळत राहू द्या. हात थांबले तरी चालतील, छाती थांबता कामा नये. फटका संपल्यावर तसंच थिजून उभे राहा आणि उजवा पाय उचलून बघा. तोल न जाता उचलता आला तर वजन योग्य जागी पोहोचलं. नाही आला तर पुन्हा.

सराव म्हणून उजवा पाय मागे न्या आणि फक्त चवड्यावर टेकवा, सायकलच्या स्टँडसारखा. सगळा भार डाव्या पायावर. असे अर्ध्या ताकदीचे पंधरा-वीस फटके मारा. या अवस्थेत कोलायला गेलात तर तोल जातो, त्यामुळे शरीर स्वतःच ती चाल सोडतं. मला एका हंगामात सगळ्यात जास्त फायदा या एका सरावाने झाला.

चेंडू नक्की कुठे ठेवता?

फॅट लागायला लागलं की बहुतेकांना कुणीतरी सल्ला देतं, "चेंडू मागे घे, उजव्या पायाजवळ." तात्पुरता गुण येतो, कारण चेंडूच मागे गेल्यावर तो आधी लागतो. पण दांडा पुढे झुकतो, पात्याची पुढची धार कुदळीसारखी खाली होते, चेंडू खालून निघतो आणि ग्रीनवर थांबत नाही. शिवाय जमीन जरा ओली असली की धार सरळ आत घुसते. साध्या पिचला, म्हणजे ग्रीनकडे उंच टाकायच्या अशा छोट्या फटक्याला, चेंडू दोन्ही टाचांच्या मधोमध हवा.

टाचांच्या, बोटांच्या नव्हे. डाव्या पायाचा चवडा आपण थोडा बाहेर फिरवतो, त्यामुळे वरून बघताना चेंडू आहे त्यापेक्षा मागे असल्याचा भास होतो. तुरीची एक सरळ काडी चेंडूपासून तुमच्याकडे आडवी टाका आणि टाचा जुळवून त्या काडीच्या दोन्ही बाजूंना समान अंतर घ्या. आठवड्यातून एकदा तरी हे तपासा. चेंडूची जागा नकळत सरकत राहते, आणि जुनं दुखणं परत येण्याचं ते सर्वांत साधं कारण असतं.

काळी माती आणि वेजचा तळ

हा भाग मला मनापासून लिहायचा आहे, कारण आपल्या भागात खेळणाऱ्याला तो कुठल्याच पुस्तकी सल्ल्यात धड सापडत नाही.

वेज जमिनीवर टेकवल्यासारखी धरून बाजूने तळ बघा. पुढची धार वर आणि तळाचा मागचा भाग त्याहून खाली उतरलेला दिसेल. या उताराच्या कोनाला बाउन्स म्हणतात. ४ ते ६ अंश म्हणजे कमी, ७ ते १० मध्यम, त्याच्या वर जास्त. बऱ्याच वेजवर लॉफ्टच्या शेजारी हा आकडा कोरलेला असतो.

नांगर आणि वखर यांतला फरक ज्याला माहीत आहे त्याला बाउन्स समजावून सांगावा लागत नाही. नांगराचा फाळ टोकाने घुसतो आणि खोल जातो. वखराची पास आडवी चालते, वरचा थर सोलत पुढे सरकते. पास जास्त उभी लागली की ती रुतते आणि बैलांना ओढ बसते. जास्तच आडवी पडली की नुसती वरून घसरते. कमी बाउन्सची वेज फाळाकडे झुकते, जास्त बाउन्सची पासेकडे.

आधुनिक सँड वेजचं श्रेय ज्यांना दिलं जातं, त्या अमेरिकी खेळाडू जीन साराझेन यांनी हेच केलं. क्लबच्या तळाला त्यांनी धातूचा थर चढवला, मागचा भाग धारेपेक्षा खाली आणला आणि पातं वाळूत रुतायचं बंद केलं. १९३२ ची ब्रिटिश ओपन स्पर्धा त्यांनी ती वेज बॅगेत ठेवूनच जिंकली.

आता आपली जमीन. काळ्या मातीतली चिकणमाती पाणी प्यायली की फुगते आणि सुकली की आकसते. म्हणून आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सुमारास वावरात हात जाईल अशा भेगा पडतात आणि मधला भाग दगडासारखा टणक होतो. तीच जमीन पोळ्याच्या सुमारास बुटाला किलोभर चिकटते. म्हणजे तोच माणूस, तीच वेज, तोच स्विंग, आणि आखाजीला थिन तर पोळ्याला फॅट. टणक जमिनीवर जास्त बाउन्सचा तळ आपटून उसळतो आणि धार चेंडूच्या पोटात जाते. चिखलट जमिनीत कमी बाउन्सची धार आत जाते आणि बाहेर येत नाही.

मला एका दुकानात ५८ अंशांची, ४ अंश बाउन्सची वेज दिली गेली. कुठल्या जमिनीवर खेळता, हे कुणी विचारलं नाही, आणि मलाही ते सांगायला हवं हे ठाऊक नव्हतं. तो पावसाळा मी स्वतःच्या स्विंगला दोष देत काढला. रोज पन्नास-साठ चेंडू, रोज मनगट दुखेपर्यंत. दसऱ्यानंतर एका ओळखीच्या खेळाडूची १२ अंश बाउन्सची जुनी सँड वेज चार दिवसांसाठी मागून आणली आणि पहिल्याच सकाळी निम्मे फॅट गेले. स्विंग तसाच होता. त्या दिवशी आनंद झाला आणि वाया गेलेल्या चार महिन्यांचं वाईटही फार वाटलं. तुमचं तसं होऊ नये.

एकच वेज घ्यायची असेल तर ५४ किंवा ५६ अंशांची, ८ ते १२ बाउन्सची घ्या. कोर्सच्या हिरवळीवर आणि बंकरमधे, म्हणजे वाळूच्या खड्ड्यात, ती चांगली चालते. उन्हाळ्यात टणक जागेवर हीच वेज उसळते असं वाटलं, तर तिथे ती बॅगेतच राहू द्या आणि पिचिंग वेज काढा. तिचा तळ बहुधा सपाट असतो. चेंडू अर्धा चेंडूभर मागे घ्या, स्विंग लहान ठेवा, चेंडू जास्त घरंगळणार हे धरून चाला. ओल्या जमिनीत उलट करा. चेंडू मधोमध, दांडा जवळपास उभा, हात पुढे ढकललेले नकोत. दांडा जितके अंश पुढे झुकतो तितके अंश बाउन्स कमी होतो. १० अंशांची वेज घेऊन हात ८ अंश पुढे नेले तर हातात २ अंशांचीच वेज उरली. "हात पुढे ठेव" हा सल्ला अर्धाच ऐकून पावसाळ्यात स्वतःचं नुकसान करून घेणारे पुष्कळ आहेत.

मागे लांब, पुढे आखूड

फक्कीच्या रेघेवर खुणा विखुरलेल्या आल्या असतील तर हे वाचा. साठ यार्डांसाठी पातं खांद्यापर्यंत मागे नेलं जातं, खाली येताना वाटतं की हे फार होतंय, आणि हात मधेच ब्रेक लावतात. ब्रेक लागला की मनगटं आधीच सुटतात आणि तळाचा बिंदू दर वेळी वेगळ्या जागी पडतो. मागे कमी न्या, पुढे मोकळं जाऊ द्या. तुम्हाला समोरून बघणाऱ्याच्या डोळ्यांपुढे घड्याळ आहे असं समजा. डावा हात नऊवर थांबला की पुरे, पुढे उजवा हात तीनपर्यंत सहज जावा. मला नऊवर ५६ अंशांच्या वेजने साधारण पंचावन्न यार्ड मिळतात. तुमचं अंतर वेगळं येईल, ते मोजून लिहून ठेवा. अंतर कमी-जास्त करायचं तर हाताची जागा बदला, ताकद बदलू नका.

पकड सैल असावी, पण वेज हातात फिरू नये इतपत घट्ट. काळजी वाटली की आधी पकडच आवळली जाते, मग कोपर, मग खांदे, आणि हात दोन बोटं आखूड होतात. एवढ्याने थिन लागतो. फटक्याआधी एक श्वास सोडा आणि बोटं ढिली करा.

शँक

चेंडू मानेला लागून काटकोनात उजवीकडे जातो. एकदा झाला की मनात भीती बसते आणि भीतीने पुढचाही तसाच जातो. पहिल्यांदा वजन बघा. ते चवड्यांवर गेलं असेल तर खाली येताना अंग चेंडूकडे झुकतं आणि पातं दोन बोटं बाहेर जातं. वजन पावलांच्या मधे, टाचांकडे किंचित झुकलेलं ठेवा. मग अंतर. फार जवळ उभे राहिलात तर हातांना जागा उरत नाही. फार लांब राहिलात तर तोल पुढे जातो. सरावाला चेंडूच्या पलीकडे, पात्याच्या टोकापासून बोटभर अंतरावर तुरीची काडी जमिनीत खोचा. काडी न पाडता चेंडू मारायचा. सुरुवात चेंडूशिवाय करा, मग चेंडू ठेवा, आणि अर्ध्या ताकदीवरच राहा. दहापैकी आठ वेळा काडी उभी राहिली की भीती आपोआप ओसरते.

खाचा स्वच्छ ठेवा

काळी माती खाचांत भरली आणि सुकली की पातं गुळगुळीत होतं. चेंडू आणि तोंड यांच्यामधे गवत, पाणी किंवा माती आली की घर्षण कमी होतं, चेंडू जास्त उंच निघतो आणि फिरकी कमी मिळते. फटका नीट बसूनही चेंडू थांबला नाही तर आधी हे तपासा. जुना दात घासायचा ब्रश आणि ओलं फडकं पिशवीत ठेवा, प्रत्येक चार-पाच फटक्यांनी पुसा. खाचा लोखंडी खिळ्याने कोरू नका. खाचांच्या मापाचे नियम आहेत, २०१० पासून ते आणखी कडक झाले, आणि कोरलेली वेज स्पर्धेत चालत नाही.

सराव कुठे आणि कसा

नदीची वाळू म्हणजे फुकटची प्रयोगशाळा. गिरणेला आवर्तन नसतं तेव्हा कोरड्या, दबलेल्या वाळूत बोटाने रेघ ओढा आणि रेघेच्या पुढेच वाळू उडवायचा प्रयत्न करा. खूण इतकी स्वच्छ उमटते की फक्कीचीही गरज पडत नाही. कोर्सवरचा बंकरचा फटका मात्र वेगळा, तिथे मुद्दाम चेंडूमागे दोन इंच वाळूत मारतात. दोन्ही सराव एका दिवशी करू नका, डोक्यात गोंधळ होतो.

वावरात चेंडू मारायचे तर केळीच्या रोपवाटिकेतलं हिरवं शेडनेट दुहेरी करून दोन बांबूंना सैल टांगा. ताठ बांधलं तर चेंडू उसळून अंगावर येतो. नेटच्या पलीकडे माणूस, जनावर, रस्ता नाही हे दर वेळी बघा, नेट फाटलेलं नाही हेही बघा. चेंडूचं वजन ४५ ग्रॅमच्या वर असतं आणि तो डोळ्याला किंवा कपाळाला लागला तर गंभीर इजा होते. पोरं गोळा झाली तर थांबा. खडे वेचून टाका, नाहीतर वेजच्या धारेला खड्डे पडतात.

मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ ला टेकतो. सातच्या आत आटोपतो. बाकीच्या दिवसांतही एका वेळी चाळीसच्या वर फटके मारत नाही. त्यातले पहिले दहा चेंडूशिवाय, रेघेवर. मग दहा उजवा पाय मागे ठेवून. मग वीस साधे, प्रत्येक वेळी शेडनेटवर वेगळ्या जागेकडे. मोबाइल समोरून, छातीच्या उंचीवर ठेवून महिन्यातून एकदा चित्रण करा आणि फटक्याच्या क्षणी बटणं चेंडूच्या पुढे आहेत की मागे, एवढंच थांबवून बघा.

हे सगळं दोन महिने करूनही खुणा मागेच राहिल्या तर वेजची लांबी आणि पात्याचा जमिनीशी कोन एखाद्या जाणकाराकडून मोजून घ्या. उंच किंवा ठेंगण्या माणसाला बाजारातली तयार वेज कधी कधी खरंच बसत नाही.

गेल्या रविवारी मी पुन्हा फक्की मारून वीस फटके मोजले. चौदा खुणा रेघेच्या पुढे, दोन रेघेवर, चार मागे. ते चारही शेवटच्या सहा फटक्यांत होते, आणि डाव्या मांडीत तेव्हा थकवा जाणवत होता. या आठवड्यापासून फटके चाळीसवरून तीसवर आणले आहेत, आणि रोज सकाळी विहिरीपर्यंत जाताना डाव्या पायावर तोल सांभाळून मिनिटभर उभा राहतो.